प्रवासाला निघालेली नायिका

कादंबरीमालेचा शेवटचा भाग हातांत घेणाऱ्या वाचकाची मनःस्थिति पहिला भाग उघडणाऱ्या वाचकाच्या मनःस्थितीहून अगदीं निराळी असते. पहिल्या भागाकडे तो कुतूहलानें येतो. शेवटच्या भागाकडे येतांना त्याच्या मनांत थोडीशी मालकीची भावना शिरलेली असते. मधल्या काळांत नायक-नायिका त्याच्या परिचयाचीं झालेलीं असतात, त्यांचें काय व्हावें ह्याविषयीं त्याचें मत बनलेलें असतें, आणि लेखकानें त्या मताचा मान राखावा अशी त्याची अपेक्षा असते. त्यांतून ती माला प्रेमकथेची असली आणि तिचे वाचक सोळा ते वीस ह्या वयाचे असले, म्हणजे ही अपेक्षा हट्टाचें रूप घेते. जेनी हान ह्या कोरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेच्या अशाच एका मालेंतील तिसरी आणि शेवटची कादंबरी, ‘ऑल्वेज अँड फॉरएव्हर, लारा जीन’, २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. आमच्या नगरच्या महाविद्यालयांतील मुली ती आजही वाचतात, एकमेकींना देतात आणि तिच्यावरून भांडतात. ‘करमणुकीचें पुस्तक’ एवढा शेरा मारून तें बाजूस ठेवणें प्राध्यापकाला सोपें असतें. परंतु ज्या पुस्तकावरून एरव्हीं वर्गांत तोंड न उघडणाऱ्या मुली तावातावानें बोलूं लागतात, त्यांत काय आहे हें पाहणें हा आमच्या धंद्याचाच भाग आहे.

ज्यांना ही माला ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं कथासूत्र थोडक्यांत सांगतों. व्हर्जिनिया राज्यांत राहणारी लारा जीन साँग कव्ही ही सोळा वर्षांची मुलगी. आई कोरियन, ती अपघातानें वारलेली, वडील डॉक्टर, मोठी बहीण मार्गो, धाकटी किटी. ज्या ज्या मुलावर लारा जीनचें मन गेलें त्या प्रत्येकाला तिनें एक पत्र लिहिलें आहे, आणि तीं पांचही पत्रें टोपीच्या एका डब्यांत ठेवून दिलीं आहेत. पत्र धाडावयाचें नसतें. लिहून मन मोकळें करावयाचें असतें. एके दिवशीं तीं पत्रें टपालांत पडतात आणि ज्याच्या त्याच्या हातीं जातात. त्या पत्रांपैकीं एक मार्गोच्याच पूर्वीच्या प्रियकराला लिहिलेलें असल्यानें अब्रू राखण्यासाठीं ती पीटर कव्हिन्स्की नांवाच्या मुलाशीं प्रेमाचें नाटक करावयाचें ठरविते. दोघें त्याचा रीतसर लेखी करार करतात. आणि नाटकाचें खरें होतें. ही झाली २०१४ सालची पहिली कादंबरी, ‘टू ऑल द बॉइज आइव्ह लव्ह्ड बिफोर’. दुसऱ्या वर्षीं आलेल्या ‘पी. एस. आय स्टिल लव्ह यू’ ह्या भागांत पीटरची पूर्वीची मैत्रीण जेनेव्हीव्ह आणि पत्र मिळालेल्या पांचांपैकीं दुसरा एक मुलगा, जॉन अँब्रोज मॅक्लॅरन, ह्यांच्यामुळें संशय, रुसवे आणि समेट होतात. येथें कथा संपावयाची होती. हानबाईंनीं ती दोनच भागांची योजिली होती. तिसरा भाग मागाहून आला. मागाहून सुचलेल्या भागाविषयीं टीकाकारानें साशंक असावें हा नियम मी सहसा पाळतों. ह्या मालेंत मात्र तो लागू पडत नाहीं. तीन भागांत हा तिसरा, योजनेबाहेरचा भागच सर्वांत कसदार उतरला आहे.

असें कां झालें ह्याचा विचार करतांना मला विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’ची आठवण झाली. विश्वनाथानें विप्रलंभ शृंगाराचे चार प्रकार सांगितले आहेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. अमेरिकेंतल्या एका शाळकरी मुलीच्या गोष्टीला चौदाव्या शतकांतल्या अलंकारशास्त्राची फूटपट्टी लावणें कोणाला हास्यास्पद वाटेल. पण फूटपट्टी बरोबर बसते त्याला इलाज नाहीं. पहिला भाग हा निव्वळ पूर्वराग आहे. मीलनापूर्वींची ओढ, आणि तीही पत्रांतून व्यक्त झालेली. दुसरा भाग म्हणजे मान. त्यांत ईर्ष्यामान आहे तसा प्रणयमानही आहे. आणि तिसरा भाग प्रवासाचा. पूर्वराग आणि मान ह्यांच्यावर जगांतल्या निम्म्याहून अधिक प्रेमकथा चालतात. त्यांत लेखकाला कष्ट कमी आणि वाचकाला गोडी अधिक. प्रवासाला आरंभ झाला कीं प्रेमाची गांठ प्रेमाबाहेरच्या गोष्टींशीं पडते. काम, अंतर, पैसा, आईबाप, स्वतःची महत्त्वाकांक्षा हीं सारीं दाराशीं येऊन उभीं राहतात. हानबाई तेथपर्यंत गेल्या म्हणून त्यांच्या मालेला वजन आलें.

तिसऱ्या भागांत लारा जीन शाळेच्या शेवटच्या वर्षांत आहे. पीटरला लाक्रॉस ह्या खेळांतील प्रावीण्यामुळें व्हर्जिनिया विद्यापीठांत शिष्यवृत्ति मिळाली आहे. तें विद्यापीठ घराजवळच आहे. तीही तेथेंच जाणार, दोघें तेथेंच चार वर्षें राहणार, हें इतकें गृहीत धरलेलें आहे कीं त्याविषयीं कोणी बोलतसुद्धां नाहीं. आणि तिला तेथें प्रवेश मिळत नाहीं. कथेंतला हा आघात किती लहान आहे पाहा! मृत्यु नाहीं, विश्वासघात नाहीं, खलपुरुष नाहीं. संगणकाच्या पडद्यावर एक नकार येतो एवढेंच. परंतु ज्यांनीं बारावीच्या निकालानंतरचे दिवस एखाद्या घरांत काढले आहेत त्यांना हा आघात लहान वाटणार नाहीं. लारा जीन दोन तासांच्या अंतरावरील विल्यम अँड मेरी ह्या जुन्या महाविद्यालयांत नांव घालते; एक वर्ष तेथें काढूं, मग बदली करून पीटरकडे येऊं, असा बेत दोघें करतात. त्यानंतर चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रतीक्षायादींतून तिचें नांव वर येतें. मैत्रिणीबरोबर ती तें गांव पाहावयाला जाते, आणि तिचें मन त्या गांवावर बसतें.

ह्या प्रकरणापाशीं वाचकानें थांबावें असें मला वाटतें. ह्या मुलीनें आजवर पांच मुलांवर मन बसविलें होतें. येथें पहिल्यानेंच तिचें मन एका जागेवर बसतें, आणि लेखिका तें प्रेमाच्याच भाषेंत सांगते. रस्ते, झाडें, खाण्याचीं ठिकाणें, आपण येथें कोण होऊं शकूं ह्याचें अस्पष्ट स्वप्न, हें सारें इतक्या खरेपणानें आलें आहे त्याला एक कारणही आहे. हानबाई स्वतः चॅपेल हिलच्या विद्यार्थिनी. पण स्वतःच्या आठवणी असल्या म्हणजे त्या कथेला उपयोगी पडतातच असें नाहीं. बहुधा त्या कथेच्या गळ्यांत अडकतात. येथें त्या नेमक्या ठिकाणीं कामाला आल्या आहेत. पीटर चांगला आहे, त्याचें प्रेम खरें आहे, तरी ती तीन तासांच्या अंतरावर जावयाचें ठरविते. तिला कोणी हांकलीत नाहीं. तिची बदली झालेली नाहीं. ती आपण होऊन जाते.

आपल्या साहित्यशास्त्रांत ह्या मुलीला नांव नाहीं. भरतानें अवस्थाभेदानें नायिकेचे आठ प्रकार केले. वासकसज्जा वाट पाहते, विरहोत्कंठिता झुरते, खंडिता रागावते, प्रोषितभर्तृका परगांवीं गेलेल्या पतीसाठीं दिवस मोजते. अभिसारिका तेवढी घराबाहेर पडते, पण ती प्रियकराकडे जाते. स्वतःच्या कामासाठीं प्रियकरापासून दूर जाणारी नायिका त्या आठांत बसत नाहीं. विश्वनाथ प्रवासाचीं कारणें सांगतो त्यांत ‘कार्य’ हें एक आहे खरें. पण कार्य पुरुषाला असावयाचें, विरह दोघांना. हालाच्या ‘गाथासप्तशती’कडे पाहिलें तरी हेंच. ज्या गोदातीराशीं त्या महाराष्ट्री प्राकृत गाथांचें नातें सांगितलें जातें, तें पैठण आमच्या शेवगांव तालुक्याला लागूनच आहे. आणि त्या गाथांतून पथिक सारखे निघालेले असतात, पावसाळा जवळ आला कीं परतूं लागतात, आणि त्यांच्या बायका उंबऱ्यांत उभ्या असतात. दोन हजार वर्षें आमच्या भागांतील शृंगारकाव्यांत उंबरा ओलांडून गेला तो तो, आणि उभी राहिली ती ती.

आज आमच्या वर्गांत पाथर्डी, शेवगांव, जामखेड, पारनेर, नेवासें अशा ठिकाणांहून मुली येतात. कोणतें महाविद्यालय हा प्रश्न त्यांच्या घरीं बहुधा कोणती एस. टी. ह्या प्रश्नानें सुटतो. संध्याकाळच्या गाडीनें मुलगी घरीं परत येऊं शकते तेथपर्यंत शिक्षणाची हद्द. नगरहून पुणें सुमारें १२० किलोमीटर, म्हणजे चॅपेल हिलच्या अंतराहून कमीच. पण त्या १२० किलोमीटरांसाठीं किती घरांत किती रात्री बोलणीं चालतात हें आम्हां शिक्षकांना ठाऊक असतें, कारण त्या बोलण्यांचा शेवट पुष्कळदा आमच्याकडे सही मागावयाला येतो. ह्याच नगरांत अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या शाळेंत सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे घेतले; पुण्याहून नगरला, शिकण्यासाठीं. तो प्रवास उलट्या दिशेचा होता, आणि १९ व्या शतकाच्या मध्याचा होता. म्हणून लारा जीनचा निर्णय आमच्या विद्यार्थिनींना परदेशी चैन वाटत नाहीं. तिचें घर, तिचे केक, तिची मोटार हीं त्यांना परकीं आहेत; पण ‘मीं जावें कीं राहावें, आणि गेलें तर माझें माणूस माझें राहील का’ हा प्रश्न त्यांच्या अगदीं ओळखीचा आहे. त्यांच्यांतील दोन तट मीं ऐकले आहेत. एका तटाचें म्हणणें, लारा जीननें पीटरजवळच राहावयास हवें होतें, इतकें चांगलें माणूस पुन्हा मिळत नाहीं. दुसऱ्या तटाचें म्हणणें, ती गेली हें बरोबर, पण पुढें दोघांचें काय झालें हें लेखिकेनें सांगितलें नाहीं ही फसवणूक आहे. पहिल्या तटाशीं मी वाद घालीत नाहीं; तो आयुष्याचा प्रश्न आहे, टीकेचा नव्हे. दुसऱ्या तटाला मात्र उत्तर दिलें पाहिजे.

हानबाईंनीं आपल्या आधींच्या एका मालेंत, म्हणजे ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’ (२००९) पासून सुरू होणाऱ्या त्रिभागी कथेंत, दुसऱ्या तटाचा हट्ट पुरविलेला आहे. तेथें दोन भावांपैकीं कोणाला वरावें हा नायिकेपुढचा पेंच. २०११ सालच्या शेवटच्या भागांत एक लग्न मोडतें आणि उपसंहारांत कांहीं वर्षांनंतरचें दुसरें लग्न लागतें. वाचक तृप्त होतो, आणि पुस्तक मिटतांच विचार करावयाला कांहीं उरत नाहीं. सहा वर्षांनंतर लिहितांना लेखिकेनें उपसंहार टाळला. सतरा-अठरा वर्षांच्या दोन मुलांचें पुढें काय होईल हें त्यांना स्वतःला ठाऊक नाहीं. मग तें वाचकाला कां ठाऊक असावें? लग्न लावून दिलें असतें तर चॅपेल हिलचें सगळें प्रकरण फुकट गेलें असतें. तो मुलीचा निर्णय न राहतां चार वर्षांची अडचण ठरला असता.

आमच्या मराठी कादंबरीला शेवटचा भाग लिहिण्याची वेळ फारशी आली नाहीं ह्याचें कारणही येथेंच सांपडेल. प्रेमकथा लग्नापाशीं संपावयाची, आणि लग्नानंतरची कथा ही प्रेमकथा नव्हे, ती कुटुंबकथा. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ (‘करमणुकीं’त १८९० पासून क्रमशः) मधील यमूला पतीचें प्रेम मिळतें तें लग्न झाल्यावर, आणि पति वाचावयाला शिकवितो म्हणून तें प्रेम वाढतें, शिक्षण आणि प्रेम एकाच माणसाकडून येतात, आणि तो माणूस गेल्याबरोबर दोन्ही जातात. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मध्यें मुली शिकल्या आहेत, मिळवूं लागल्या आहेत, आणि त्या शिक्षणानेंच त्यांची प्रेमाची वाट अडविली आहे. म्हणजे आमच्याकडे शिक्षण हें एकदां प्रेमाचें दान होतें आणि एकदां प्रेमाची किंमत. दोन्हीं समोरासमोर ठेवून मुलीनें शांतपणें निवडावें, आणि निवडल्यानंतरही दोन्हींवर हक्क सांगावा, हें त्या पुस्तकांच्या काळीं शक्य नव्हतें.

ना. सी. फडके यांचें नांव येथें टाळतां येणार नाहीं. त्यांचा जन्म १८९४ सालीं ह्याच जिल्ह्यांतील कर्जत येथला. आणि महाविद्यालयांतील तरुण-तरुणींच्या प्रेमाला मराठी कादंबरीचा मध्यवर्ती विषय करून सोडण्याचें श्रेय वा दोष, काय म्हणाल तें, त्यांच्याइतकें कोणाकडेच जात नाहीं. आज मुली इंग्रजी प्रेमकथा वाचतात म्हणून हळहळणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं फडक्यांची पहिली कादंबरी, १९१७ सालची ‘अल्ला हो अकबर’, हीच मेरी कॉरेलीच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती. मराठी प्रेमकथेचें बी तेथूनच आलेलें आहे. फडक्यांचें तंत्र निर्दोष असे. ‘प्रतिभासाधनां’त त्यांनीं तें शास्त्र म्हणून मांडलेंही. गुंता घालावा, उत्कंठा ताणावी, योग्य क्षणीं उकल करावी. परंतु उकल झाली कीं त्यांचे नायक-नायिका वाचकाचा निरोप घेतात. पुढच्या कादंबरींत नवें जोडपें येतें. त्याच मोहक जोडप्याला दुसऱ्या वर्षीं बिऱ्हाड शोधतांना, तिसऱ्या वर्षीं बदलीच्या गांवीं वेगवेगळें राहतांना आपण पाहिलें असतें तर तें तंत्र टिकतें ना, अशी मला शंका आहे.

मराठींत प्रेमाची कथा भागाभागानें शेवटपर्यंत सांगितली गेली ती कादंबरींत नव्हे, आणि ती सांगणारी बाई आमच्या नगरचीच म्हणावयाची. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालीं. १९३६ सालीं लक्ष्मीबाई वारल्या तेव्हां शेवटचा भाग अपुरा होता. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नी सुमारें पांच वर्षें दुरावलीं. तो दुरावा, ते मध्यस्थ, ती ओढ आणि तो राग हें सारें लक्ष्मीबाईंनीं हंसत हंसत सांगितलें आहे. तें आत्मचरित्र आहे, तरुणांसाठीं लिहिलेली प्रेमकथा नव्हे, हें मला समजतें. पण प्रवासविप्रलंभाचें मराठी गद्यांतलें सर्वांत जिवंत चित्र तेंच आहे. तेथेंही दूर जातो तो नवराच. लक्ष्मीबाई मात्र प्रोषितभर्तृकेसारख्या नुसत्या झुरत बसत नाहींत, रुसतात, वाद घालतात, आणि शेवटीं आपल्या पायांनीं चालत त्याच्याकडे येतात.

आतां दोषांकडे वळतों. पहिला आणि मोठा दोष कथेच्या शेवटच्या पंचमांशांत आहे. लारा जीननें चॅपेल हिल निवडल्यावर कथेला पुढें न्यावयाला तिच्या मनांतला ताण पुरेसा होता. तेवढ्यावर लेखिकेचा विश्वास बसला नाहीं. पीटर आपलें विद्यापीठ सोडून चॅपेल हिलला येण्याचा विचार करीत आहे असें त्याची आई लारा जीनला एकांतांत सांगते, आणि त्याला सोडून दे अशी गळ घालते. नायिका हें नायकाला न सांगतां त्याच्याशीं तोडते. थोड्या पानांत खरें काय तें बाहेर पडतें, आणि समेट होतो. हें यंत्र जुनें आहे. नायकाची हितचिंतक आई किंवा बाप, नायिकेचा मूक त्याग, उशीरा कळलेलें सत्य. फडक्यांच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या वाचकाला ह्या यंत्राचा प्रत्येक स्क्रू पाठ आहे. बरें, येथें तें अनावश्यकही आहे. ज्या मुलीनें स्वतःच्या इच्छेनें दूर जाण्याचें धाडस केलें, तिला शेवटीं दुसऱ्याच्या सांगण्यावरून प्रेम तोडावयाला लावणें म्हणजे तिच्या हातांतला निर्णय काढून घेणें होय. पहिल्या भागांत ह्याहून चांगलें साधन लेखिकेनें स्वतःच तयार करून ठेवलें होतें. महाविद्यालयांत जातांना प्रियकर मागें ठेवून जाऊं नये, हा त्या मुलींच्या दिवंगत आईचा उपदेश. मार्गोनें तो मानला आणि स्कॉटलंडला जाण्यापूर्वीं आपलें प्रेम तोडलें. मेलेल्या आईचा शब्द मोडावा कीं पाळावा, हा पेंच जिवंत सासूच्या (होऊं घातलेल्या म्हणूं) विनवणीपेक्षां किती तरी खोल होता. तो शेवटच्या भागांत आहे. पण असावा तितका पुढें आलेला नाहीं.

दुसरा दोष निवेदनाचा, आणि त्याविषयीं माझें मत अजून पुरतें स्थिर नाहीं. संपूर्ण माला लारा जीनच्या तोंडून, वर्तमानकाळांत सांगितलेली आहे. पूर्वरागाला हा काळ शोभतो. पुढच्या क्षणीं काय होईल हें सांगणारीलाच ठाऊक नसतें. शेवटच्या भागाला मागें वळून पाहणारी दृष्टि हवी. यमू भूतकाळांत बोलते म्हणून तिच्या साध्या वाक्यालाही पुढच्या दुःखाची सावली असते. लारा जीनला ती सावली मिळत नाहीं. ती उणीव भरून काढण्यासाठींच कीं काय, लेखिका तिला सारखी आठवणी सांठवावयाला लावते: पीटरसाठीं ती दोघांच्या प्रेमाची चिकटवही करते, शेवटची सहल, शेवटचा नाच, शेवटचा वर्ग असें प्रत्येक गोष्टीला ‘शेवटचें’ म्हणत राहते. घडत असतांनाच घडलेल्याचा शोक करणें हें त्या वयाचें खरें लक्षण आहे हें मान्य. पण दोनशें पानांनंतर तें लक्षण सवयीसारखें वाटूं लागतें.

पैशाचा जाच ह्या कथेला फारसा नाहीं, हें आमच्याकडील वाचकाच्या डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाहीं. त्याबद्दल मी लेखिकेला बोल लावीत नाहीं. प्रत्येक कथेनें प्रत्येक ओझें उचललें पाहिजे असें नाहीं.

उलट ज्याची स्तुति कोणी फारशी करीत नाहीं तो भाग म्हणजे घरचा. लारा जीनचे वडील शेजारच्या ट्रिना रॉथ्सचाइल्ड ह्या बाईंशीं लग्न करावयाचें ठरवितात. धाकट्या किटीला हें मनापासून हवें आहे, तिनेंच तें जुळवून आणण्यांत पुढाकार घेतला. मार्गो परदेशाहून येते आणि तिला आईच्या स्वयंपाकघरांत दुसरी बाई वावरलेली सोसवत नाहीं. मधली लारा जीन लग्नाच्या तयारींत स्वतःला बुडवून घेते, कारण त्यामुळें स्वतःच्या प्रश्नाचा विचार लांबणीवर पडतो. तीन बहिणींच्या तीन वयांचा शोक तीन तऱ्हांनीं कसा वागतो हें लेखिकेनें एकही मोठा शब्द न वापरतां दाखविलें आहे. विश्वनाथाचा चौथा प्रकार, करुण, मी वर मुद्दाम बाजूला ठेवला होता. नायक-नायिकेच्या कथेंत तो नाहीं. तो ह्या घरांत आहे. आई गेलेल्या बापाच्या दुसऱ्या लग्नांत आहे. पीटरच्या घरीं ह्याच्या उलट चित्र: बाप जिवंत आहे, पण दुसरा संसार थाटून बसला आहे. हीं दोन घरें शेजारीं शेजारीं ठेवल्यानें, प्रेम टिकेल का ह्या तरुणांच्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांच्या आयुष्यांतून दोन वेगळीं उत्तरें आपोआप मिळतात. मिसरूड फुटलेला नायक आणि लाजणारी नायिका ह्यांच्यापलीकडे न पाहणाऱ्या लेखकांनीं हा भाग पुन्हा वाचावा.

ह्या मालेवर तीन चित्रपट निघाले, २०१८, २०२० आणि २०२१ मध्यें. नायिका आशियाई वंशाचीच असेल ही अट मान्य करणारी संस्था मिळेपर्यंत हानबाईंनीं पुस्तक दिलें नाहीं, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट. तिसऱ्या चित्रपटांत मात्र एक बदल केला आहे तो मला पटत नाहीं. चित्रपटांत पीटर स्टॅनफर्डला जातो आणि लारा जीन न्यूयॉर्क शहराच्या मोहांत पडून तेथलें विद्यापीठ निवडते. म्हणजे तीन तासांच्या जागीं सबंध खंड मध्यें येतो. पडद्यावर तें भव्य दिसतें. पण न्यूयॉर्क कोणालाही भुलवील. त्यांत निवडणारीचें वेगळेपण काय? चॅपेल हिलसारखें लहान गांव एका मुलीला आवडतें तेव्हां तें तिला आवडलेलें असतें. शिवाय तीन तासांचें अंतर हें फसवें अंतर आहे. शनिवारीं जातां येतें, म्हणून दर शनिवारीं न जाण्याचें कारण द्यावें लागतें.

ह्या पुस्तकाचा मराठींत अनुवाद करावयाला कोणी पुढें आलें तर त्यानें तीन गोष्टी जपाव्यात. लारा जीनचें वर्तमानकाळीं बोलणें मराठींत नाटकांतल्या सूचनांसारखें कोरडें होऊं देऊं नये. आमच्या मुली फोनवर एकमेकींना घडलेली हकीकत सांगतांना ‘मग तो येतो, मग मी म्हणते’ असाच काळ वापरतात, त्याचा कान ठेवावा. ‘बॉयफ्रेंड’ ह्या शब्दाला प्रियकर म्हणूं नये; त्या शब्दांत एक गुप्ततेचा वास आहे, आणि पीटर तर सकाळीं दारासमोर मोटार उभी करून किटीशीं गप्पा मारीत असतो. आणि शेवटच्या प्रकरणांत, जेथें निरोप घेण्याची भाषा येईल तेथें, ‘जाते’ हा शब्द वापरण्यापूर्वीं त्यानें दोनदां विचार करावा. आमच्याकडे घराबाहेर पडणारी मुलगी ‘येतें’ म्हणते. इंग्रजींत ही सोय नाहीं. अनुवादकाला ती आयती मिळालेली आहे. मात्र ती एकदांच, आणि आईबापांना उद्देशून नव्हे, पीटरला उद्देशून वापरावी. किटीच्या तोंडीं नगरी बोली घालण्याचा मोह कोणाला झाला तर माझी हरकत नाहीं. ती पोर पाथर्डीच्या बाजारांतही कोणाला हार जाणार नाहीं.